जीर्णोद्धार झाला, दर्शन कधी?

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करताना गावकरी दोन पथ्ये पाळतात. ढासळलेली भिंत पुन्हा उभी करतात, गळके शिखर दुरुस्त करतात, पण गाभाऱ्यातील मूर्तीला हात लावत नाहीत. आणि काम पुरे झाले की दरवाजे उघडतात. जीर्णोद्धार केलेले देऊळ कुलूपबंद ठेवून त्याची छायाचित्रे वाटत बसत नाहीत. जुन्या मराठी बोलपटांच्या बाबतीत हीच दोन पथ्ये पाळली जावीत, एवढीच मागणी या लेखात करायची आहे. कृती मूळ रूपात राहावी आणि ती रसिकाच्या घरापर्यंत पोहोचावी.

ही मागणी महाराष्ट्रातील रसिकांचीही आहे. परंतु तिची निकड महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला अधिक आहे. पुण्या-मुंबईच्या रसिकाला एखाद्या महोत्सवात, संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात किंवा फिल्म सोसायटीच्या खेळात ‘संत तुकाराम’ मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी कधी ना कधी मिळू शकते. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार, भालकी येथील रसिकाला ती सहसा मिळत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे तर नवा मराठी चित्रपट चित्रपटगृहात लागला तरी ती बातमी ठरते. मग नव्वद वर्षांपूर्वीच्या चित्रपटाची काय कथा? आपल्यासाठी जुना मराठी चित्रपट पाहण्याचे ठिकाण एकच, आपले घर. म्हणून घरी पाहता येईल अशी अधिकृत, संपूर्ण आणि नीट केलेली प्रत हा आपल्या बाबतीत हौसेचा विषय राहत नाही. ती नसेल तर तो चित्रपट आपल्यापुरता नसल्यासारखाच आहे.

येथे कोणी विचारील, की हे चित्रपट महाराष्ट्राचे. सीमेपलीकडच्यांचा त्यांच्यावर हक्क कसला? उत्तर श्रेयनामावलीतच सापडते. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली ती कोल्हापुरात, बेळगावपासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट तेथेच घडला. कंपनी पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. ‘माणूस’मधील मैना साकारणाऱ्या शांता हुबळीकर हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या. मराठी पडद्यावरील सोशिक आईचा चेहरा म्हणून ज्यांना तीन पिढ्या ओळखतात त्या सुलोचनाबाई बेळगाव जिल्ह्यातील खडकलाट या गावच्या. ‘श्यामची आई’मधील आई, म्हणजे वनमालाबाई पवार, ग्वाल्हेरच्या. दादासाहेब फाळके शिकले बडोद्याच्या कलाभवनात. १९४२ च्या ‘पहिली मंगळागौर’मध्ये लहानशी भूमिका करणाऱ्या लता मंगेशकर यांचा जन्म इंदूरचा, तर त्यांच्या वडिलांचे मूळ गाव गोव्यातील मंगेशी. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गुळाचा गणपती’त गायलेले भीमसेन जोशी गदगचे, आणि स्वतः पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वती देवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. मराठी चित्रपटाची ही उभारणी आजच्या राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंनी झाली आहे. ज्या घराच्या भिंती आपल्या लोकांनीही रचल्या, त्या घरात आपण पाहुणे कसे?

हक्काचा मुद्दा झाला. त्याहून मोठा मुद्दा भाषेचा आहे. मराठीचे लिखित रूप टिकवण्याची सोय आपल्याकडे बऱ्यापैकी आहे. १९३६ साली पुण्यात लोक कसे लिहीत होते ते पाहायचे तर ग्रंथालयात त्या वर्षीचे मासिक काढून पाहता येते. पण १९३६ साली लोक कसे बोलत होते? शब्दांवर जोर कुठे देत होते, वाक्याचा हेल कुठे खाली उतरत होता, रागावलेली बाई शब्द कसे तोडत होती, हे कोणत्याही पुस्तकातून ऐकू येत नाही. ध्वनिमुद्रिकांवर गाणी आहेत, नाट्यपदे आहेत, थोडी भाषणे आहेत. घरातले, बाजारातले, भांडणातले, स्वयंपाकघरातले बोलणे मात्र प्रामुख्याने बोलपटांनी पकडून ठेवले आहे. ‘संत तुकाराम’मधील गौरीबाईंची आवली ऐका. तिचे करवादणे, नवऱ्यावरचा राग आणि त्याच रागात दडलेली माया हे सारे तिच्या उच्चारांत आहे. संवाद कागदावर उतरवला तर त्यातील निम्मे निसटून जाते.

देवनागरी लिपी आपल्याला जे सांगत नाही तेही बोलपट सांगतात. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, पण उच्चारतो वेगळे. ‘जहाज’ या एका शब्दातच ज दोन प्रकारे येतो. हा भेद लिपीत दिसत नाही. तो कानानेच शिकावा लागतो. बेळगावातील कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलाला किंवा इंदुरात हिंदीच्या वातावरणात वाढलेल्या मराठी मुलीला हा भेद शिकवणारे कान आणि तोंडे घराबाहेर फारशी उरलेली नाहीत. इंदूरची मुलगी देवनागरी झरझर वाचते, परंतु मराठी वाचताना तिचे च, ज, झ हिंदीचे असतात. अशा मुलांसाठी केशवराव दाते, शांता आपटे, बाबूराव पेंढारकर यांच्यासारख्या नटांचे स्वच्छ ऐकू येणारे बोलणे ही उत्तम शाळा ठरेल. अट एकच, ते स्वच्छ ऐकू आले पाहिजे. आज आंतरजालावर फिरणाऱ्या जुन्या प्रतींमध्ये बहुधा खरखर ऐकू येते, माणसे ऐकू येत नाहीत.

आता ‘मूळ’ या शब्दाकडे वळू, कारण सारा वाद त्या शब्दाभोवती आहे. बोलपटाच्या पहिल्या दशकात प्रभातने अनेक चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढले. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. आज ज्याला भाषांतरित आवाज चढवणे म्हणतात तो हा प्रकार नव्हता. एकच प्रसंग पुन्हा उभा करून दुसऱ्या भाषेत पुन्हा चित्रित केला जाई. म्हणजे या जोड्या सख्ख्या बहिणींसारख्या. चेहऱ्यात साम्य आहे, पण माणसे दोन. ‘शेजारी’त हे स्पष्ट दिसते. १९४१ च्या या चित्रपटात हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांची मैत्री आहे. मराठीत जिवबा झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार; हिंदीत जागीरदार मिर्झाच राहिले, पण त्यांचा हिंदू मित्र साकारला मझहर खान यांनी. मराठी आवृत्तीऐवजी हिंदी आवृत्ती पाहिली तर केशवराव दात्यांचा तो अभिनयच पाहिलेला नसतो. तेव्हा ‘हिंदी आवृत्ती उपलब्ध आहे, तेवढ्यावर भागवा’ असे कोणी म्हटले, तर ते एका चित्रपटाऐवजी दुसराच चित्रपट हातात देणे होय. सीमाभागातील आणि मध्य प्रदेशातील मराठी माणसाला हे भागवून घेणे फार ओळखीचे आहे. चित्रपटांच्या बाबतीत तरी आपण ते का मान्य करावे?

मूळ आवृत्तीचा आग्रह हे केवळ आपले वेड नव्हे. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. १९९७ मध्ये त्याच्या निर्मात्याने दृश्ये घालून-बदलून नवी आवृत्ती काढली आणि पुढे तीच प्रमाण मानली. मूळ आवृत्ती २००६ मध्ये डीव्हीडीवर मिळाली, पण जोडपुरवणी म्हणून आणि कमी प्रतीच्या चित्रात. तेथील रसिक तेव्हापासून एकच गोष्ट मागत राहिले: आम्ही चित्रपटगृहात जो चित्रपट पाहिला तोच, नीट केलेला, आम्हाला घरी पाहता येऊ द्या. एका धनाढ्य उद्योगाच्या जगप्रसिद्ध चित्रपटासाठीही रसिकांना अशी वर्षानुवर्षे मागणी करावी लागते, तर आपल्या मागणीत संकोच वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच, की तेथे मूळ फीत सुरक्षित असून प्रश्न इच्छेचा आहे. आपल्याकडे इच्छा जागी होईपर्यंत फीतच उरेल की नाही, हा प्रश्न आहे.

कारण फीत नाशवंत आहे. साधारण १९५१ पर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फितीवर काढले जात. ही फीत अत्यंत ज्वालाग्राही. साठवण बिघडली तर आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. नंतर आलेली ॲसिटेट फीत पेट घेत नाही, पण उष्ण आणि दमट हवेत आंबते, आक्रसते, तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. आपल्या हवामानात दोन्ही शत्रू बारमाही घरात आहेत. त्यात माणसांनी आणि अपघातांनी भर घातली. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत कोल्हापुरातील भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे जुन्या प्रभातच्याच, आवारातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या कित्येक चित्रपटांच्या मूळ फिती राख झाल्या. ज्यांच्या प्रती सुरक्षित फितीवर आधीच काढल्या होत्या ते चित्रपट वाचले. परंतु जीर्णोद्धार करताना पहिल्या पिढीची फीत आणि प्रतीची प्रत यांत जो फरक पडतो तो कायमचा गमावला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चीही चारांपैकी पहिली आणि शेवटची रिळेच आज हाती आहेत. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ तर पूर्ण हरवला.

जे वाचले ते बरेचसे एका माणसाच्या ध्यासामुळे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यात सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, निर्मात्यांच्या वारसदारांची दारे ठोठावून, फिती गोळा केल्या. नायर मूळचे केरळचे. मराठी चित्रपटांची रिळे त्यांनी जपली ती परकी म्हणून नव्हे, जपण्याजोगी म्हणून. भाषेच्या सीमा ओलांडून केलेल्या या कामाचे ऋण मराठी माणसाने मोठ्या आवाजात मान्य करायला हवे.

नष्टप्राय फितीतूनही चित्रपट परत आणता येतो, याची उदाहरणे आता आपल्याच देशातील आहेत. सत्यजित राय यांच्या अपु चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. त्या टाकून दिल्या गेल्या नाहीत. इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी त्या करपलेल्या फितींना पुन्हा ओलावा दिला, हाताने सांधल्या, जेथे काहीच उरले नव्हते तेथे इतर देशांत सांभाळलेल्या प्रतींचा आधार घेतला. २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले आणि त्याच वर्षी डिस्कवरही मिळू लागले. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. चित्रगृहात गौरव आणि घरात प्रत, दोन्ही एकाच वर्षी.

शेजारच्या कन्नड भाषेचे उदाहरणही द्यायला हवे. गिरीश कासरवळ्ळी यांचा १९७७ चा ‘घटश्राद्ध’ फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि मार्टिन स्कॉर्सेझी यांच्या संस्थेच्या सहकार्याने नव्याने उजळला गेला आणि २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. कन्नड भाषकांना याचा अभिमान वाटला, तो रास्त आहे, आणि सीमाभागातील मराठी माणसानेही त्यात मोकळेपणाने सहभागी व्हावे. त्याच व्हेनिसमध्ये १९३७ साली ‘संत तुकाराम’ दाखवला गेला होता आणि वाखाणला गेला होता. मुंबईत तो एका चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला. शेजाऱ्याने आपले घर सावरले म्हणून हेवा करू नये. आपले घर सावरायला तेवढाच हुरूप घ्यावा.

सरकारने काहीच केले नाही, असेही म्हणता येणार नाही. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली सुमारे २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपयांची तरतूद २०२२ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. काम सुरू आहे, पैसा आहे, तंत्र आहे. प्रश्न पुढच्या पायरीचा आहे. जीर्णोद्धार केलेले चित्रपट महोत्सवात दाखवले जातात. २००४ पासून गोव्यात भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातही असे खेळ होतात. पण महोत्सवातील खेळ एकदा होतो. त्याला प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवलेले काहीशे लोक येतात. पणजीहून डिचोली-सत्तरीच्या पलीकडे, चोर्ला घाट चढून आले की बेळगाव लागते. तेथील निवृत्त शिक्षकाला तो खेळ झाल्याचे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळते. जनतेच्या पैशाने झालेल्या जीर्णोद्धाराची फलश्रुती एवढीच असावी का? प्रत्येक चित्रपटाच्या खर्चाच्या अंदाजातच घरगुती आवृत्तीचा खर्च आणि तिची तारीख धरली गेली पाहिजे. नाहीतर नव्या रिळांचे नवे कोठार एवढेच हाती लागेल.

आणि घरगुती आवृत्ती म्हणजे कशीही आवृत्ती नव्हे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली मूर्ती बदलण्याचे तीन मार्ग आहेत, ते ओळखून ठेवले पाहिजेत.

पहिला मार्ग कापाकापीचा. त्या काळातील पडद्याची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीन या प्रमाणात असे. आजचा दूरदर्शन संच सोळास नऊ. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून चित्र फुगवून बसवतात आणि वरचा-खालचा मिळून पाव भाग कापून टाकतात. फत्तेलालांसारख्या चित्रकाराने मांडलेल्या चौकटीतून मग कधी देवळाचा कळस जातो, कधी फेटा जातो, कधी पायाशी बसलेली बाईच जाते. काळ्या पट्ट्या परवडल्या.

दुसरा मार्ग रंगाचा. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा आला आणि त्याला गर्दीही झाली. त्याची भुरळ मराठीत कोणाला पडू नये. कृष्णधवल चित्रपटात छायाप्रकाश हीच भाषा असते. तिच्यावर रंग चढवणे म्हणजे अभंगाला उगाच यमके जोडणे.

तिसरा मार्ग सर्वांत धोक्याचा, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. तो आवाजाचा. जुन्या चित्रपटांचा आवाज फितीच्या कडेला प्रकाशरेषेच्या रूपात छापलेला असतो. तेथे ओरखडे पडले, धूळ बसली की खरखर होते. ती काढण्यासाठी यंत्राच्या गाळण्या असतात. गाळणी अंमळ जास्त लावली की खरखरीबरोबर आवाजाचा वरचा पट्टाही निघून जातो, आणि स, श, च, छ ही अक्षरे त्याच पट्ट्यात राहतात. मग पात्रे तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलू लागतात. वर सांगितलेला चाक-चहाचा भेद तर आधी जातो. ‘कुंकू’ची गोष्ट आणखी निराळी. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील त्या चित्रपटात शांतारामांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वापरलेच नाही. घरातील, रस्त्यावरील स्वाभाविक आवाजांवर सारा डोलारा उभा केला. काकासाहेबांच्या जुन्या घड्याळाची टिकटिक त्यात एखाद्या पात्राइतकी महत्त्वाची आहे. मराठी न जाणणारा तंत्रज्ञ ही टिकटिक अडथळा समजून पुसू शकतो. म्हणून आवाजाच्या टेबलाशी मराठी कान असलेला माणूस, शक्य तर भाषाशास्त्राचा अभ्यासक, बसवणे ही अट असली पाहिजे.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप हक्कांचा घेतला जातो. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. प्रभातचे तिशी-चाळिशीतील चित्रपट, १९५३ चा ‘श्यामची आई’, हे सारे चित्रपट म्हणून त्या मुदतीबाहेर गेले आहेत. कथा आणि गीते यांचा हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे असतो, त्यामुळे काही ठिकाणी वारसदारांची परवानगी लागेल, आणि चांगल्या फिती ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याशी बोलावेही लागेल. हे काम कटकटीचे आहे, अशक्य नाही. एका आठवड्याच्या पत्रव्यवहाराला घाबरून एका शतकाचा ठेवा अडवून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डिस्क आता घेतो कोण? व्हीसीडी गेली, डीव्हीडी गेली, लोकांच्या घरात ती लावण्याचे यंत्रही उरले नाही; सारे मोबाइलवर पाहतात. हे मान्य. म्हणून आंतरजालावरील आवृत्ती आधी काढा, तिला हरकत नाही. पण तिच्यावरच थांबू नका. आंतरजालावरील चित्रपट भाड्याच्या घरासारखा असतो. करार संपला की एका रात्रीत नाहीसा होतो आणि कोणाला जाब विचारता येत नाही. शिवाय एखादे दृश्य गुपचूप बदलले तर तुलनेला मूळ प्रत कोणाजवळच नसते. डिस्क किंवा विकत घेऊन साठवता येईल अशी प्रत ग्रंथालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे राहते. पुस्तकाचे जे महत्त्व आपण जाणतो तेच या प्रतीचे आहे. हजारो प्रती खपतील असा दावा कोणी करत नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, इंदूरची महाराष्ट्र साहित्य सभा, बडोद्याची मराठी वाङ्मय परिषद, हैदराबादची मराठी साहित्य परिषद, गोव्याची गोमंतक मराठी अकादमी अशा संस्थांत एकेक संच पोहोचला, तरी सीमेपलीकडचा निम्मा मराठी समाज त्या चित्रपटांच्या हाताच्या अंतरावर येईल.

तेव्हा मागणी नेमकी मांडू. जीर्णोद्धार होणाऱ्या प्रत्येक द्विभाषिक चित्रपटाची मराठी आवृत्ती पूर्ण लांबीची आणि स्वतंत्रपणे काढावी. हिंदीची पुरवणी म्हणून नव्हे. चौकट मूळ प्रमाणात आणि चित्र मूळ कृष्णधवल रूपात ठेवावे. जेथे तुकडा हरवला आहे तेथे तो हरवल्याचे पडद्यावर प्रामाणिकपणे लिहावे. संवादांची मराठी अक्षरे पडद्याखाली देण्याची सोय असावी, कारण ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना ती लागतात आणि मराठी शिकणाऱ्या नातवालाही लागतात. जोडीने कन्नड, गुजराती, तेलुगू, कोकणी, हिंदी आणि इंग्रजी उपशीर्षके असावीत. आपल्या शेजाऱ्यांना, सुनांना, जावयांना आपला ठेवा दाखवण्याची तीच वाट आहे. सोबत एक पुस्तिका असावी, तिच्यात कोणत्या फितीवरून काम केले, काय बदलले, काय बदलले नाही हे नोंदवावे, आणि गीतकारांची नावे बिनचूक द्यावीत. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेला अभंग लोक तुकोबांचाच समजून चालले. कवीसाठी याहून मोठी पावती नाही. पण पुढच्या पिढीला खरे नाव कळले पाहिजे.

मागण्या करून हात झटकणे मात्र आपल्याला शोभणार नाही. सीमेपलीकडच्या मराठी समाजाकडे देण्यासारखेही काही आहे. फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन चित्रपटाची कापून टाकलेली दृश्ये २००८ मध्ये सापडली ती जर्मनीत नव्हेत, तर अर्जेंटिनातील ब्वेनोस आयरेसच्या एका संग्रहालयात, एका लहान फितीवर. केंद्रात जे नष्ट झाले ते दूरच्या टोकाला टिकले. आपण तेच दूरचे टोक आहोत. आपल्या जिल्ह्यांत एके काळी फिरत्या टॉकीज होत्या, गणेशोत्सवात पडदा लावून चित्रपट दाखवणारी मंडळे होती, सोळा मिलिमीटरच्या फिती भाड्याने देणारे व्यावसायिक होते. बंद पडलेल्या चित्रपटगृहांच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या यंत्रचालकाच्या घरी, एखाद्या शाळेच्या अडगळीत गंजलेल्या डब्यात काय आहे, हे कोणी उघडून पाहिले आहे का? चित्रपटगृहात गाण्यांची जी पातळ पुस्तिका मिळे, ती आपल्या आजीच्या पेटीत असू शकते. हरवलेल्या गाण्याचे शब्द तिच्यातून मिळतात. प्रत्येक शहरातील मराठी मंडळाने एका उन्हाळ्यात एवढी पाहणी करावी. जे सापडेल ते स्वतः यंत्रावर लावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण आक्रसलेली फीत पहिल्याच फेऱ्यात तुटते आणि नायट्रेटची असेल तर जीवावर बेतते. डबा कोरड्या, थंड जागी ठेवावा, त्यावरील अक्षरांचे छायाचित्र घ्यावे आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे.

दुसरे काम प्रेक्षक घडवण्याचे. ज्यांनी हे चित्रपट चित्रपटगृहात पाहिले त्यांतील बहुतेक आज नाहीत. ‘श्यामची आई’ला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे पाठ्यपुस्तकात वाचलेल्या किती मुलांनी तो चित्रपट पाहिला आहे? प्रत हाती येईल त्या दिवशी पाहणारा तयार असला पाहिजे. वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ या चित्रपटांबद्दल बोलण्यासाठी ठेवता येईल. मागणीमागे नावे आणि गावे दिसू लागली की ती बाजूला सारणे कठीण जाते. संग्रहालयाला, महामंडळाला आणि महाराष्ट्र शासनाच्या मराठी भाषा विभागाला सीमेपलीकडच्या संस्थांनी एकत्र सहीने पत्र लिहावे. बेळगावचे वेगळे, बडोद्याचे वेगळे, असे न करता एकच.

भाषा टिकवायची म्हणजे शाळा आणि फलक टिकवायचे, असे आपण इतकी वर्षे म्हणत आलो आणि त्यासाठी झगडत आलो. ते बरोबरच आहे. परंतु ज्या भाषेत आपल्या पणज्या-आज्या हसल्या, चिडल्या, नवऱ्याला टोमणे मारून गेल्या, ती भाषा ऐकण्याची सोयही तेवढीच मोलाची आहे. ती काही रिळांवर अजून शिल्लक आहे. रिळे रोज थोडी थोडी आंबत आहेत, आणि आंबट वास येऊ लागला की पुढचे फार वेळ थांबत नाही.